प्रस्तावना : दार, चूल आणि देवाचे गौरव

ख्रिस्ती माणसाच्या रोजच्या वागण्यातून देवाचे गौरव कसे होते, या विषयावर बडोद्यात बसून लिहायचे तर सप्टेंबर १९१७ मधली एक दुपार टाळता येत नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये त्या दुपारविषयी क्वचितच बोलले जाते. व्यासपीठावरून मी तिचा उल्लेख ऐकलेला नाही. पण या शहरात एका ख्रिस्ती घराच्या दाराशी एक माणूस आसरा मागायला आला होता, आणि त्याला जे उत्तर मिळाले ते त्याने पुढे स्वतः लिहून ठेवले. या पुस्तकाच्या विषयाची इतकी सरळ परीक्षा घेणारा दुसरा प्रसंग मला माहीत नाही. म्हणून सुरुवात तिथून करतो.

भीमराव आंबेडकर तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये दिलेल्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, पुढे लंडनला गेले, आणि शिष्यवृत्तीच्या अटीप्रमाणे संस्थानची नोकरी करायला बडोद्यात आले. नोकरी होती, राहायला जागा नव्हती. हिंदू खाणावळी त्यांना बंद होत्या. एका पारशी विश्रामगृहात त्यांनी पारशी नाव सांगून, रोजच्या दीड रुपयावर खोली घेतली. अकराव्या दिवशी सकाळी जेवण उरकून, ग्रंथालयाची पुस्तके परत करायला हातात घेऊन ते कचेरीला निघाले होते. इतक्यात डझनभर पारशी हातात काठ्या घेऊन जिन्यावरून वर आले. तू कोण, इथे कसा राहिलास, अशी सरबत्ती झाली आणि संध्याकाळच्या आत जागा सोडण्याची तंबी मिळाली. सरकारी बंगल्यासाठी अर्ज केला होता, पण दरबारात त्याची निकड कुणाला वाटली नव्हती.

शहरात त्यांचे दोन स्नेही होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. हिंदू स्नेह्याकडे ते आधी गेले. त्याला वाईट वाटले, संतापही आला, पण तो म्हणाला की तुम्ही माझ्याकडे आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती स्नेह्याकडे जायला त्यांचे मन घेत नव्हते. त्याने पूर्वी एकदा राहायला या म्हणून बोलावले होते, पण त्याच्या सवयी आपल्याला मानवणार नाहीत म्हणून यांनी नकार दिला होता. शेवटी एका मित्राच्या सल्ल्याने ते त्याच्याकडे गेले आणि विचारले. तो म्हणाला, पत्नी उद्या बडोद्याला येते आहे, तिला विचारावे लागेल. या उत्तराचा अर्थ त्यांना नंतर कळला. ते जोडपे मूळचे ब्राह्मण कुळातले. धर्मांतरानंतर नवरा विचाराने मोकळा झाला होता, पण बायको जुन्या चालीरीतींतच राहिली होती. अस्पृश्याला घरात ठेवून घ्यायला ती तयार झाली नसती.

त्या घरातून ते बाहेर पडले तेव्हा दुपारचे चार वाजले होते. आता मुंबईला परतायचे, तर गाडी रात्री नऊला. विश्रामगृहात परतायची भीती, आणि कुणाकडे जाऊन दयेचा विषय व्हायचे नव्हते. मधला वेळ त्यांनी कमाटीबागेत बसून काढला. त्यांना आई-वडिलांची आठवण येत राहिली. आठ वाजता ते उठले, गाडी करून विश्रामगृहावर गेले, सामान खाली आणले. रखवालदार समोर आला. दोघांच्याही तोंडून शब्द फुटला नाही. बिल चुकते झाले आणि ते स्टेशनकडे निघाले.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींमध्ये त्यांनी हे सांगितले आहे. हिंदू धर्म सोडण्याची त्यांची येवल्याची घोषणा ऑक्टोबर १९३५ मधली. त्याच सुमारास, म्हणजे प्रसंगाला अठरा-एक वर्षे होऊन गेल्यावर, या आठवणी लिहिल्या गेल्या. त्यांच्या निधनानंतर बऱ्याच काळाने, १९९० मध्ये, त्या पुस्तकरूपाने आल्या. कमाटीबागेला आज आपण सयाजीबाग म्हणतो. तिथली ती जागा संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि दर २३ सप्टेंबरला लांबलांबून लोक तिथे येतात. ही बाग शहर आणि कॅम्प, म्हणजे इंग्रजांची छावणी, यांच्या हद्दीवर होती. कॅम्पाच्या बाजूला, फत्तेगंजात, आपली उपासनास्थळे. बिशप रेजिनाल्ड हेबर १८२५ मध्ये बडोद्याला येऊन गेले, इतका इथल्या ख्रिस्ती उपासनेचा इतिहास जुना. मेथडिस्ट मिशनने गुजरातच्या खेड्यापाड्यांत जाणारे पाळक घडवले तेही याच शहरातल्या फ्लोरेन्स निकोल्सन धर्मशिक्षण संस्थेत. म्हणजे ख्रिस्ताचे नाव या शहराला १९१७ मध्ये नवे नव्हते.

त्या ख्रिस्ती गृहस्थाचे नाव आंबेडकरांनी लिहिलेले नाही. त्याच्याविषयी एकही कडू शब्द नाही. मीही त्याला दुष्ट ठरवणार नाही, कारण तो दुष्ट नव्हता हेच या प्रसंगात महत्त्वाचे आहे. त्याने पूर्वी आपणहून बोलावले होते. जातीचा विचार त्याने मनातून काढून टाकला होता. पण ज्या दिवशी समोरच्या माणसाला दुसरे दारच उरले नव्हते, त्या दिवशी ते मोकळे मन उंबरठ्याच्या आतच थांबले. आणि पाहा, त्या दिवशी दोन्ही घरांत कुणीही स्वतःच्या नावाने नाही म्हटले नाही. एका घरात नोकरांचे नाव पुढे आले, दुसऱ्यात बायकोचे. आंबेडकरांना कळले ते खरेच असेल, बाईंनी नकार दिलाही असता. पण त्या दुपारी त्या बडोद्यात नव्हत्या. त्यांना विचारण्याआधीच पाहुणा पायरी उतरून गेला होता. एक रात्र ठेवून घेऊन सकाळी बायकोला सामोरे जाणे नवऱ्याच्या हातात होते. तेवढे झाले असते तर घरात भांडण झाले असते कदाचित. ख्रिस्ताच्या नावाने घर चालवायचे ठरवले की अशी भांडणे येतात आणि ती अंगावर घ्यावी लागतात.

नव्या करारात हा प्रश्न कुठे आहे असे कुणी विचारले तर मी अंत्युखियाकडे बोट दाखवीन. पेत्र तिथे यहुदी नसलेल्यांच्या पंक्तीला बसत होता. यरुशलेमेहून याकोबाकडची माणसे आली तसा तो पंक्तीतून मागे सरला. त्याच्यामागून इतर यहुदी सरले, बर्णबासारखा भला माणूसही सरला. पेत्राने आपली श्रद्धा बदलली नव्हती. विचारले असते तर सर्व माणसे देवाला सारखी असे त्याने ठामपणे सांगितले असते. तो फक्त ताटावरून उठला होता. पण पौलाने ही शिष्टाचाराची चूक मानली नाही. सर्वांदेखत तोंडावर त्याला विरोध केला आणि हे वागणे सुवार्तेच्या सत्याला धरून नाही असे म्हटले. जेवणाची पंगत आणि सुवार्तेचे सत्य पौलाने एकाच वाक्यात आणले, हे मला कायम विचारात पाडते.

खाणे, पिणे, जे काही कराल ते देवाच्या गौरवासाठी करा, या आशयाचा पौलाचा उपदेश आपल्या घराघरांत भिंतींवर टांगलेला असतो. तो कुठल्या चर्चेच्या शेवटी येतो तेही पाहावे. करिंथच्या मंडळीत मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याचे मांस खावे की नाही, कुणाच्या घरी कुणाबरोबर जेवावे, यावरून वाद पेटला होता. त्या वादाचा निकाल देताना पौल हे बोलतो. थोडे पुढे तो प्रभुभोजनाकडे वळतो, आणि सुखवस्तू लोक आधी जेवून घेतात व गरीब उपाशी राहतात म्हणून त्यांना खडसावतो. तुम्ही जमता ते प्रभुभोजन नव्हेच, इथपर्यंत त्याची मजल जाते. देवाचे गौरव हा शब्द आपण गाण्याशी आणि प्रार्थनेशी जोडतो. पौलाने तो ताटाशी जोडला. आपल्या देशात ताट म्हटले की जात आलीच, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

बडोद्याच्या त्या बाईंविषयी मला आशा वाटते ती लक्ष्मीबाई टिळकांमुळे. त्यांच्या घरची स्थिती तशीच होती. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १८९५ मध्ये झाला. लक्ष्मीबाई कडक सोवळ्यातल्या. नवऱ्यापासून काही वर्षे दूर राहिल्या. परत आल्या तेव्हाही चूल वेगळी, पाणी वेगळे, आपले सोवळे आपण सांभाळायचे, असा त्यांचा संसार होता. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. आपली बायको तयार होणार नाही म्हणून त्यांनी आपले दारही लोकांना बंद केले नाही. घरात माणसांची ये-जा चालूच राहिली आणि लक्ष्मीबाई ती माणसे रोज पाहत राहिल्या. शेवटी माणसामाणसांतला हा भेद देवाने केलेला नाही अशी त्यांची त्यांनाच खूण पटली, आणि त्यांनी तो एकदाचा टाकून दिला. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण माझ्या मते त्यांच्या मनाचे परिवर्तन पाण्याच्या भांड्यापाशी आधीच झाले होते. नगरच्या त्याच घरात पुढे बालकवी ठोंबरे धर्म न बदलता घरच्या मुलासारखे राहिले. 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत निघाली. हे पुस्तक मराठी साहित्याचा ठेवा म्हणून सगळेच वाचतात. ख्रिस्ती कुटुंबांनी ते घर चालवण्याचे पुस्तक म्हणूनही वाचावे. बायको किंवा सासू किंवा म्हातारे वडील तयार होणार नाहीत, असे म्हणून आपण जी दारे बंद ठेवतो, त्या दारांमागच्या माणसांना बदलण्याची संधीच मिळत नाही.

टिळकांच्या आयुष्यातली आणखी एक गोष्ट इथे आठवते. नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांना एक गोरा गृहस्थ भेटला. त्या काळी गोरा साहेब हिंदी माणसाशी डब्यात कसा वागत असे ते सर्वांना ठाऊक आहे. हा माणूस आदराने बोलला, बसायला जागा दिली आणि उतरताना नव्या कराराची प्रत हाती ठेवली.   मराठी ख्रिस्ती गीतांचा सर्वात मोठा कवी आपल्याला ज्या प्रवासातून मिळाला त्यात एका अनोळखी माणसाचे साधे, सभ्य वागणे होते.  बडोद्याचा स्नेही आणि डब्यातला प्रवासी, दोघांच्याही वागण्याचे परिणाम आपण पाहतो.

आंबेडकरांनी ख्रिस्ती धर्म का स्वीकारला नाही, याचे कारण म्हणून त्या चार वाजताच्या उत्तराकडे कुणी बोट दाखवू नये. त्यांचा निर्णय अनेक वर्षांच्या अभ्यासातून झाला आणि १९५६ मध्ये ते बौद्ध झाले. पण धर्मांतरितांच्या स्थितीवर त्यांनी लिहिले त्यात भारतातल्या ख्रिस्ती समाजाला त्यांनी एक प्रश्न केला आहे. शिक्षण आणि आरोग्यसेवा यांत तुम्ही पुढे गेलात, पण सामाजिक अन्यायाविरुद्ध कधी उभे राहिलात का, धर्म बदलल्यावर जात सुटली का? या प्रश्नाला आपण संस्थांची यादी दाखवून उत्तर देतो. यादी खोटी नाही. नारायण शेषाद्री ब्राह्मण कुळातून आले आणि जालन्याजवळ बेथेल वसवून मांग-महार कुटुंबांबरोबर त्यांनी आयुष्य काढले. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन सुरू केले तेव्हा तिथे उच्चवर्णीय विधवांच्या सोवळ्याओवळ्याची सोय ठेवली होती. पुढे दुष्काळ आला आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये कुठल्याही जातीच्या मुलीला जागा झाली. गुजरातेत ज्याला छप्पनियो म्हणतात त्या १८९९-१९०० च्या दुष्काळात त्यांची माणसे या भागात आली आणि शेकडो उपाशी मुलींना केडगावला घेऊन गेली. जी संस्था एका वर्गापुरती सुरू झाली तिचे दार रमाबाईंनी रुंद करत नेले, आणि पुण्यातल्या प्रतिष्ठित समाजाचा रोषही पत्करला. या माणसांविषयी माझ्या मनात अपार आदर आहे.

तरीही संस्थेने आपली सुटका होत नाही. दवाखान्यात येणाऱ्याची जात कुणी विचारत नाही, कारण ते तिथल्या कामाचा भाग आहे. परिचारिका सर्वांच्या जखमा सारख्याच हातांनी धुते. प्रश्न ती कामावरून घरी आल्यावर सुरू होतो, आणि तिचा एकटीचा नाही, आपल्या सर्वांचा. घरी काम करणाऱ्या बाईंसाठी कपाटाच्या खालच्या फळीवर वेगळा कप ठेवलेला असतो. कानाचा टवका उडालेला, कुणाला नको असलेला, पण फेकून न दिलेला. त्या बाई स्वतःच तो काढून घेतात, चहा पितात, विसळून पुन्हा तिथेच ठेवतात. कुणी त्यांना तसे सांगितलेले नसते. रविवारी त्याच घरातली माणसे प्रभुभोजनाला एका प्याल्याकडे जातात. मी अनेक ख्रिस्ती घरांत असा कप पाहिला आहे, सधन घरांत आणि बेताच्या घरांतही. आपल्या मंडळीतल्या लग्नाच्या जाहिराती वाचा. वधू ख्रिस्ती हवी, एवढ्यावर ओळ थांबत नाही, मूळ कुठले त्याची सूचना पुढे येतेच. दफनभूमीत कोण कुठल्या बाजूला, यावरून झालेले वाद जुन्या माणसांना आठवतात.

भाड्याच्या घरांचा प्रश्न तर जसाच्या तसा आहे. बडोद्यात आजही दलाल फोनवर आधी आडनाव विचारतो, मग गाव विचारतो, आणि तेवढ्याने समाधान झाले नाही तर जेवणात काय चालते ते विचारतो. आडनावावरून काय ते कळले की खोली आत्ताच गेली असे उत्तर मिळते. हा अनुभव ख्रिस्ती भाडेकरूंनाही येतो, मुसलमानांना तर फार येतो, दलितांना पिढ्यान्पिढ्या येत आला आहे. ज्याला स्वतःला तो आला आहे त्याने घर घेतल्यावर दुसऱ्याला तोच अनुभव द्यावा, याचे मला फार दुःख होते. "आमची हरकत नाही हो, पण सोसायटीवाले ऐकणार नाहीत," हे वाक्य मी ख्रिस्ती घरमालकांच्या तोंडून ऐकले आहे. नोकर, बायको आणि आता सोसायटीवाले. नाव बदलते, उत्तर तेच राहते.

देवाचे गौरव करणारे वागणे एवढ्यात संपत नाही, हे मला मान्य आहे. कचेरीतली सही, दुकानातले माप, कर भरताना लिहिलेला आकडा, मुलाने खोटे बोललेले लपवणे, शेजारच्या आजाऱ्याला डबा पोचवणे, रस्त्यावर अपघात झाला तर गाडी थांबवणे, या सर्वांचा विचार पुढच्या पानांत आहे आणि तो तपशिलाने आहे. आपण लाच घेत नाही, दारू पीत नाही, उपासना चुकवत नाही, यावर आपल्या मंडळ्यांत पुष्कळ बोलले जाते आणि बोलले जावे. मी दारावर आणि चुलीवर इतका वेळ घालवला तो अशासाठी, की बाकीच्या बाबतींत प्रामाणिक राहून माणूस स्वतःचे घर सांभाळू शकतो. दार उघडायचे म्हटले की घरच्यांची नाराजी, शेजाऱ्यांची कुजबुज, प्रसंगी भाड्याचे नुकसान, हे सारे सोसावे लागते. येशूने न्यायाच्या दिवसाचे जे चित्र उभे केले त्यात राजा कुणालाही श्रद्धेची सूत्रे विचारत नाही. भुकेल्याला खायला दिले का, परक्याला घरात घेतले का, हेच तो विचारतो. आणि ज्यांनी घेतले नाही त्यांना आपण नाकारल्याचे आठवतही नाही. मला वाटते, आपल्या बडोद्याच्या स्नेह्यालाही पुढे ती दुपार आठवली नसेल. पाहुण्याला ती अठरा वर्षांनी तासावारी आठवत होती.

वाचकांना एक विनंती करतो. हे पुस्तक एकट्याने वाचू नका. घरातल्या सर्वांनी एकत्र बसून वाचा, ज्यांचे नाव पुढे करून आपण नकार देतो त्यांनीही ऐकावे. घरकामाला येणाऱ्या बाई त्या वेळी घरात असतील तर त्यांनाही बसवा, आणि सर्वांच्या कपांसारख्याच कपात चहा द्या. बडोद्यात, किंवा तुम्ही जिथे राहता तिथे, ज्या ख्रिस्ती कुटुंबांकडे भाड्याने द्यायची खोली आहे त्यांनी आपल्या दलालाला आजच फोन करून सांगावे, की या खोलीसाठी येणाऱ्या माणसाला जात, धर्म, आडनाव विचारायचे नाही. सोसायटीच्या बैठकीत कुणी हरकत घेतली तर तुम्ही स्वतः उभे राहा आणि घर माझे आहे, निर्णय माझा आहे, असे आपल्या नावाने सांगा.